कोपऱ्यावरची तोफ

कादिसमधल्या पहिल्याच सकाळी माझा गुडघा तोफेवर आपटला. तोफच, दुसरं काही नाही. गल्ली वळते तिथे घराच्या कोपऱ्याला खेटून ती उभी पुरलेली होती, अर्धी जमिनीत, अर्धी वर. मी गुडघा चोळत उभी होते, तेवढ्यात एक आजी आल्या. त्यांनी भाजीची पिशवी तोफेच्या माथ्यावर टेकवली, हात बदलला आणि चालू लागल्या. मागोमाग एक कुत्रा आला. त्याने काय केलं ते सांगत नाही.

मग तोफा शोधायचा नादच लागला. दोन-चार वळणं घेतली की एखादी दिसायचीच. या गल्ल्या इतक्या अरुंद की विरजणाची वाटी या सज्जातून त्या सज्जात सहज पोचावी. पूर्वी इथून मालाच्या गाड्या जायच्या आणि वळताना चाकं घरांचे कोपरे खरवडून काढायची. म्हणून निकामी झालेल्या तोफा आणून कोपऱ्याकोपऱ्यांवर पुरल्या. चाकाने घासायचंच असेल तर लोखंडाला घासावं, भिंतीला नको. आपल्याकडे म्हाताऱ्या तोफा किल्ल्यावर ऊन खात पडतात आणि सहलीला आलेली पोरं त्यांच्यावर घोडा-घोडा खेळतात. तेही वाईट नाही म्हणा.

गावाच्या नावाची एक गंमत आहे. माद्रिदकडची माणसं शेवटी जीभ दातांत धरून ‘कादिथ’ म्हणतात. खुद्द गावकरी मधला ‘द’ आणि शेवटचा ‘स’ दोन्ही गिळून टाकतात. उरतं ते ‘काय’. चौकात कुणी कुणाला गावाबद्दल काही सांगत असलं की मला आपलं ‘काय, काय’ ऐकू यायचं. एकदा तर मी मागे वळून ‘काही नाही’ म्हणालेसुद्धा.

जुनी वस्ती म्हणजे समुद्रात घुसलेलं एक टोक. जमिनीकडे जायला एक चिंचोळी मान आणि त्या मानेवर तटाचा दरवाजा. तो ओलांडला की उंच इमारतींचं, रुंद रस्त्यांचं नवं गाव सुरू होतं. ते मी बसमधून पाहिलं आणि तेवढं पुरलं. फिनिशियन व्यापाऱ्यांनी हे ठाणं वसवलं तेव्हा त्याचं नाव होतं गादिर, म्हणजे तटबंदीची जागा. तीन हजार वर्षांचं गाव, असं इथे जो तो सांगतो. उत्खननात हाती आलेलं त्याहून थोडं अलीकडचं आहे, इसवी सनापूर्वीच्या नवव्या-आठव्या शतकातलं. शंभर-दोनशे वर्षांसाठी मी यजमानांशी वाद घालत नाही.

घरं बांधलीत ती इथल्याच समुद्रकाठच्या दगडाने. बोट फिरवलं की कळतं, त्यात अख्खे शिंपले आहेत. छिद्राछिद्रांचा हा दगड पाहून कोकणातल्या कुणालाही जांभा आठवेल, फक्त याचा रंग वाळूचा. खाऱ्या हवेत मात्र चुनखडीसारखे दगड टिकत नाहीत. कॅथेड्रलचं बांधकाम 1722 साली सुरू झालं आणि 1838 साली संपलं. आता आत डोक्यावर जाळी बांधली आहे, छताचे कपचे भाविकांवर पडू नयेत म्हणून. खाली तळघरात संगीतकार मानुएल दे फाया यांची समाधी आहे. तिथे जाळी लागत नाही. मला ते तळघर वरच्या सगळ्या संगमरवरापेक्षा आवडलं.

दुपारी ला विन्या या कोळ्यांच्या जुन्या वस्तीत जेवायला बसले. समोर आली ती कागदासारखी पातळ, कडा जाळीदार झालेली, खमंग तळलेली चकती. मोडली, तोंडात टाकली आणि ओळखीचं काहीतरी लागलं. गव्हाचं पीठ आणि बेसन, त्यात कांदा, पार्स्ले आणि बोटाच्या पेराएवढी कोळंबी, सालीसकट. जवळ्याची भजी! नाव ‘तोर्तियीता दे कामारोनेस’ असं लांबलचक, पण बेसनाला कुठल्याही भाषेत तळलं तरी ते बेसनच. हिरवी मिरची हवी होती. शेजारच्या टेबलावर मोरीचे तुकडे होते, जिरं आणि व्हिनेगर चोळून मुरवून तळलेले. मी तेही मागवले. घरी मोरीचं नाव काढलं की नाकं मुरडणारी आमच्यातली मंडळी डोळ्यांसमोर आली. त्यांना न सांगता खाऊ घालावं, असं ते होतं.

तोफांकडे परत येते. 1810 ते 1812 या काळात नेपोलियनच्या फौजेने या गावाला वेढा घातला होता. आखाताच्या पलीकडून गोळे येत. त्यातले बरेचसे नीट फुटतच नसत. गावच्या बायका त्यातलं शिसं काढून केस कुरळे करायला वापरत, असं इथल्या गाण्यांत आहे. खरं असो नसो, मला त्या बायका पटल्या. त्याच वेढ्यात, 19 मार्च 1812 रोजी, स्पेनची राज्यघटना इथे जाहीर झाली. दिवस संत होसेचा, आणि होसेचं लाडकं नाव पेपे, म्हणून घटनेचं नाव पडलं ‘ला पेपा’. घटनेला इतक्या लडिवाळपणे हाक मारणारं दुसरं गाव मला माहीत नाही.

सोमवारी संग्रहालय पाहायला गेले. दार बंद. माझीच चूक, वाचलं नव्हतं. समोरच्या मीना चौकात झाडांखाली बसून राहिले. फाया यांचा जन्म याच चौकातला. पूर्वेचा लेवान्ते वारा सुटला होता, तापलेला, कोरडा. आपला मतलई कसा पहाटे होड्यांना हळूच समुद्रात ढकलतो. हा तसा नव्हे. हा डोकं उठवतो.

मंगळवारी आत गेले आणि एका दालनात थबकले ती तासभर. संगमरवराच्या दोन शवपेट्या, माणसाच्या आकाराच्या. एक पुरुष, कुरळ्या दाढीचा. एक बाई, हातात अत्तराची कुपी धरलेली.

पुरुष सापडला 1887 साली, तटाबाहेर जमीन सपाट करताना. पुढे पेलायो किंतेरो नावाचे गृहस्थ गावातल्या संग्रहालयाचे संचालक झाले आणि तटाबाहेरची ती जुनी दफनभूमी खणू लागले. त्यांची खात्री होती की पुरुष आहे तर बाईही असणार. का असणार, याला म्हटलं तर काही आधार नाही. पण आपल्याकडे विठ्ठल सापडला आणि रखुमाई सापडली नाही, तर आपणही खणलंच असतं. हे गृहस्थ वर्षानुवर्षं खणत राहिले. थडगी सापडली, दागिने सापडले, बाई सापडली नाही. तिची स्वप्नं पडायची त्यांना, असं म्हणतात. मला यातलं स्वप्न सोडून सगळं समजतं. एखादी वस्तू इथेच कुठेतरी आहे, असं वाटत राहणं म्हणजे काय, हे कपाटाची किल्ली हरवलेल्या कुणालाही समजावं. पुढे ते समुद्र ओलांडून मोरोक्कोत तेतुआनला गेले आणि 1946 साली तिथेच वारले.

1980 साल या गावावर प्रसन्न होतं. जुन्या वस्तीत एक वखार जळाली आणि तिच्या खालून रोमन नाट्यगृह निघालं, इथल्या बाल्बो नावाच्या रोमन घराण्याने बांधलेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तटाबाहेर एका इमारतीचा पाया खोदताना यंत्र दगडावर आदळलं. बाई सापडली. आणि ती जागा, गावात कुणालाही विचारा, किंतेरो यांच्या जुन्या घराची. जन्मभर ते गावभर खणत हिंडले, आणि ती त्यांच्याच जमिनीखाली निजली होती, असं गाव सांगतं.

मी पेटीवरचा तिचा चेहरा बराच वेळ पाहिला. हसते आहे असं म्हणवत नाही, नाही असंही म्हणवत नाही. शेजारी उभा असलेला रखवालदार घड्याळ बघत होता. त्याला हे रोजचंच. तज्ज्ञांच्या हिशेबाने ती त्या पुरुषापेक्षा काही दशकांनी जुनी आहे. म्हणजे नवराबायको तर नव्हेतच, फार तर आजी-नातू.

आता दोघं एकाच दालनात, शेजारी शेजारी आहेत. तुम्ही गेलात तर सोमवारी जाऊ नका.