डागडुजी

आम्ही दोघे मराठी शिकवतो. एक शिरूरला, एक दौंडला. न्हावरे, चौफुला, पाटस हा आमचा नित्याचा रस्ता आणि १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी ही त्यावरची सोबतीण. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली ही गाडी. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. आमची मात्र अजून धावते, कारण ती दादांची आहे. दादा आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे.

गाडीचे पहिले मालक उत्तरेत नोकरीला होते. त्यांनी तिला हीटर बसवून घेतला होता. हीटरचा कोअर म्हणजे डॅशबोर्डाखाली दडलेला लहानसा रेडिएटरच. इंजिनातले तापलेले पाणी त्याच्या पितळी नळ्यांतून फिरते, पंखा त्यावरून वारा सोडतो आणि आत ऊब येते. दोन वर्षांपूर्वी डावीकडची चटई ओली राहू लागली, काचेवर आतून वाफ धरू लागली आणि कूलंटचा गोडसर वास गाडीत भरून राहिला. कोअर गळत होता.

"सर, शिरूरात हीटर कशाला? दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देतो, विषय संपला," मेकॅनिक म्हणाला. आम्हाला ते पटले. दादांना विचारावे, असे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

पुढच्या मे महिन्यात दादांना घेऊन दौंडला निघालो. चौफुल्याला वाहनांच्या रांगेत गाडी अडकली आणि तापमानाचा काटा चढू लागला. मागून दादा म्हणाले, "हीटर सोडा." भर उन्हात हीटर! पण तीच त्यांची जुनी युक्ती होती. इंजिनाची उष्णता थोडी आत ओढून घ्यायची, काचा खाली करायच्या, आपण घामाघूम व्हायचे आणि इंजिन वाचवायचे. आम्ही मुकाट्याने कळ ओढली. आले ते केवळ बाहेरचे वारे. दादांनी पुढे वाकून झरोक्यापाशी हात धरला, क्षणभर थांबले आणि मागे टेकून बसले. ते काहीच बोलले नाहीत. गाडी कडेला घेऊन इंजिन निवेपर्यंत आम्ही तिघे झाडाखाली उभे होतो. त्या अर्ध्या तासाएवढी लाज आम्हाला क्वचितच वाटली असेल.

नवा कोअर कुठे मिळेना. अखेर दौंडला रेडिएटरची कामे करणारे एक वयस्क कारागीर भेटले. आम्ही पाणी काढले, क्लिपा सैल केल्या, पेटी उतरवून कोअर त्यांच्या हाती दिला. "पितळ चांगलं आहे, डाग देऊ," ते म्हणाले. त्यांनी एका बाजूची टाकी उकलली, नळ्यांतला गाळ काढला, फुटलेल्या दोन नळ्या बंद केल्या, टाकी पुन्हा डाग देऊन बसवली. मग कोअरमध्ये हवा भरून तो पाण्यात बुडवला. बुडबुडा आला नाही. "पाणी भरताना हीटरची कळ उघडी ठेवा, नाहीतर आत हवा अडकेल," एवढे बजावून त्यांनी तो परत दिला.

डाग म्हणजे कलंक, डाग म्हणजे दागिना आणि डाग म्हणजे तुटलेला धातू सांधणारी झाळ. वर्गात आम्ही पहिले दोन अर्थ हमखास सांगत आलो. तिसरा त्या दुकानात उभे राहून कळला. 'याचा उपयोग काय?' असे विद्यार्थी एखाद्या कवितेबद्दल विचारतात, तेव्हा आम्हाला राग येत असे. आता येत नाही. तोच प्रश्न विचारून आम्ही घरातल्या माणसाची आयुष्यभराची जाण दोन पाइप जोडून बाजूला सारली होती.

डिसेंबरात पहाटे दौंडहून परतत होतो. पारगावच्या पुलावर भीमेचे धुके होते. दादांनी न सांगता कळ ओढली, झरोक्यापाशी हात धरला.

"येतंय," ते म्हणाले.