खानदेशातलं रात्रीचं ताट

जळगाव स्टेशनवर उतरणारे पाहुणे बहुतेक अजिंठ्याची लेणी बघायला आलेले असतात. लेणी इथून सुमारे 60 किलोमीटर. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं, एखाद्या हॉटेलात शेवभाजी खायची, नाकाडोळ्यांतून पाणी काढायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. घरी गेल्यावर शेजारणीला सांगायचं, "खानदेशी जेवण म्हणजे नुसतं तिखट हो!" मैत्रिणींनो, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही, पण त्यांना हाताला धरून एकदा इथल्या घरात न्यावं, असं मात्र फार वाटतं. कारण गावाची चव हॉटेलात कळत नाही, सणाच्या ताटातही पुरती कळत नाही. ती कळते साध्यासुध्या मंगळवारी रात्री आठ वाजता, घरातली बाई "आज काय करू बाई?" म्हणत ओट्याशी उभी राहते तेव्हा.

मी मूळची कोकणातली. लग्न होऊन इथं आले त्याला बारा वर्षं झाली. माहेरी रात्री मऊ भात, आमटी, एखादी भाजी, सोलकढी. नारळाशिवाय आमचं पान हलत नसे. इथं आले तर ताटात भाकरी, ठेचा, कांदा आणि वर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार! सुरुवातीला मी नवलाने बघतच राहिले. पुढे कळलं की ताट हे जमिनीचंच रूप असतं. पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यातला पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. तापी, गिरणा, वाघूर या नद्या आणि काळी जमीन. त्या जमिनीत कापूस, ज्वारी, उडीद, तूर, भुईमूग. पाणी असेल तिथं रावेर-यावलकडे केळीच्या बागा. मग ताटात नारळ येणार कुठून? इथं नारळाची जागा शेंगदाण्याने आणि सुक्या खोबऱ्याने घेतली आहे, भाताची जागा भाकरीने.

आणि भाकरीसुद्धा कशी? कळण्याची! आमच्याकडे चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद आणि अंदाजाने खडे मीठ घालून दळून आणतात. ते पीठ म्हणजे कळणा. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापताना कडा फाटत नाहीत आणि खाताना पोटाला आधार होतो. ज्यांना ज्वारीची भाकरी जमत नाही अशा नव्या मुलींनी कळण्यापासून सुरुवात करावी, हात लवकर बसतो. पीठ मात्र ताजं हवं आणि आधण चांगलं कढत हवं. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि तेल. भाजी झाली तर उत्तम, नाही झाली तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

पण या भाकरीची एक अट असते. ती तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. गार भाकरी वाईट नव्हे, सकाळी दुधात कुस्करून खाल्ली जाते. पण रात्रीची भाकरी गरमच हवी. म्हणजे घरातली पाच माणसं जेवत असताना सहावी ओट्याशी हवी. ही सहावी कोण, हे तुम्हाला सांगायला नको!

आमच्या सासूबाईंनी चाळीसएक वर्षं हे केलं. सगळ्यांची जेवणं उरकली की परात धुवायच्या आधी, शेवटची निवलेली भाकरी पुढ्यात घेऊन त्या एकट्या बसत. मी आले तेव्हा त्यांच्या शेजारी माझी जागा झाली, इतकाच फरक. मी दुपारच्या सत्रात शाळेत शिकवते. पावणेसहाला घरी पोचायचं, मुलांचा अभ्यास, मग भाकऱ्या. साडेनऊला आम्ही दोघी जेवायला बसलो की बोलायचंही त्राण नसे. कुणी आमच्यावर जबरदस्ती केली होती असं नाही. यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "बसा की आमच्याबरोबर!" पण मग तव्यापाशी कोण?

याचं उत्तर मला इथल्या हिवाळ्यानं दिलं. चंपाषष्ठी झाली की चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं पुन्हा ताटात येतं आणि खानदेशात भरीत पार्ट्यांना ऊत येतो. भरिताची वांगी इथली खास. मोठी, फिकट हिरवी, पातळ सालीची आणि कमी बियांची. बामणोद आणि आसोदे या गावांची वांगी विशेष नावाजलेली. 2016 साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. ही वांगी शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. त्या धुराचा वास गॅसवर येत नाही. साल काढून, भाजलेल्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी बडगीत ठेचतात. मग भरपूर तेलाची फोडणी, तीत शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. दही नाही, टोमॅटो नाही. सोबत कळण्याच्या पुऱ्या.

आणि गंमत अशी की हे सगळं बहुतेक पुरुष मंडळी करतात! घरी पाण्याचा पेला उचलून न ठेवणारे गृहस्थ शेतात बाह्या सरसावून वांगी भाजत असतात. तीन वर्षांपूर्वी यावलकडे एका नातेवाइकांच्या शेतात अशी पार्टी होती. त्या दिवशी पुऱ्या तळायलाही माझे दीर बसले, आणि बायकांची पंगत पहिली बसली. सासूबाई नको नको म्हणत सतरंजीवर टेकल्या. कढईतून निघालेली पुरी ताटात पडली, त्यांनी ती मोडली आणि हात क्षणभर तसाच धरला. मला हळूच म्हणाल्या, "गरम पुरीची वाफ बोटाला अशी लागते, हे मी विसरूनच गेले होते माय."

घरी आल्यावर ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी इथल्या रात्रीच्या जेवणातल्या सगळ्या पदार्थांची मनात उजळणी केली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : हा पदार्थ करणारीला सगळ्यांबरोबर बसू देतो का? तेव्हा लक्षात आलं, उत्तर इथल्याच स्वयंपाकात होतं. त्यातून आमच्या घरी आठवड्याचे 'भाकरीचे वार' आणि 'बसायचे वार' ठरले.

बसायच्या वारी पहिला मान फुणके-कढीचा. शाळेत जाण्यापूर्वी एक वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी हरभराडाळ भिजत घालते. संध्याकाळी पाणी पूर्ण निथळून पाच-सहा हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि जिरे घालून भरड वाटायचं. मीठ, हळद, कोथिंबीर आणि दोन चमचे तेल घालून लांबट मुटके करायचे, चाळणीवर ठेवून वीस मिनिटं वाफवायचे. शेजारच्या शेगडीवर पातळ कढी. फुणके ताटात कुस्करायचे, वर तेल घालायचं आणि कढीबरोबर खायचे. सगळं टेबलावर मांडलं की कुणालाच उठायला नको. उरलेले फुणके सकाळी कांद्यावर परतून डब्यात जातात.

दुसरी खिचडी. मूगडाळीची पथ्याची खिचडी वेगळी, ही तूरडाळीची. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी डाळ, फोडणीत लसूण, मिरची आणि मूठभर शेंगदाणे; कुकरला लावून मोकळं व्हायचं. खरी मजा वरच्या तेलात आहे. छोट्या कढल्यात तेल तापवून ठेचलेला लसूण लाल करायचा, गॅस बंद करून लाल तिखट घालायचं. ज्याला हवं त्यानं हवं तेवढं घ्यावं. मुलांना नको असेल तर नको. एका कुकरात तिखट आणि अळणी दोन्ही पंथ सुखाने नांदतात. सोबत पापड, किंवा उन्हाळ्यात केलेले ज्वारीचे बिबडे. मे महिन्यात इथं पारा 45 च्या आसपास जातो. त्या उन्हाला आम्ही बायका शिव्याही देतो आणि गच्चीवर बिबडे घालून त्याच्याकडून कामही करून घेतो!

रविवारी वरण-बट्टी. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, गोळे वाफवून घ्यायचे. हे दुपारीच करून ठेवता येतं. रात्री तुकडे करून तळले, वर साधं वरण आणि तूप घातलं, बाजूला वांग्याची घोटलेली भाजी ठेवली की लग्नाच्या पंगतीची आठवण येते.

आणि ज्या दिवशी शाळेत मीटिंग लांबते, भाजीवाला निघून गेलेला असतो, त्या दिवशी डुबुकवडे. भाजलेला कांदा आणि खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, पाणी घालून रस्सा खळखळ उकळू द्यायचा. बेसनात मीठ, तिखट, ओवा घालून सरबरीत भिजवायचं आणि बोटांनी एकेक वडा रस्स्यात सोडायचा. डुबुक, डुबुक! आवाजावरूनच नाव पडलं असावं. रस्सा उकळता असला पाहिजे, नाहीतर वडे विरघळून पिठलं होईल. शेवभाजीचंही असंच. रस्सा तोच, पण जाड शेव अगदी वाढताना घालायची. अवचित पाहुणा आला तर शेवेचा डबा घराची अब्रू राखतो. या दोन्हींबरोबर सकाळच्या पोळ्या चालतात, म्हणून तेही बसायचेच वार.

आता भाकरीचे वार. ते सोडायचे नाहीत, हे सासूबाईंनी बजावलं होतं आणि मलाही सोडायचे नव्हते. शेवटी अशी तडजोड झाली की मी थापते आणि हे शेकतात. भाकरी पाठीवर उलटवणं, पाणी सुकलं की फिरवणं, आचेवर फुगवणं, एवढं कुणालाही जमतं. सासूबाईंनी पहिला महिनाभर नाकं मुरडली. "पुरुषानं तव्यापाशी उभं राहायचं? लोक काय म्हणतील?" लोकांना दिसत नाही हे पटल्यावर त्या बसल्या. अजूनही मध्येच मीठ आणायला, पाणी आणायला उठतात. चाळीस वर्षांची सवय, एकदम कशी सुटेल? पण पहिली भाकरी त्यांच्या ताटात पडते, एवढं आम्ही सांभाळतो. दोन भाकऱ्या डब्यात झाकून ठेवल्या की आम्हा दोघांचं जेवणही त्यांच्यामागे लगेच उरकतं.

जळगावला आलात तर अजिंठ्याबरोबर आणखी एक ठिकाण बघा. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरींचं घर जपून ठेवलं आहे. आसोद्याला 1880 साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई जात्याशी, चुलीशी आणि शेतात गाणी रचत राहिली. 1951 साली ती गेली. गाण्यांचं पुस्तक आलं ते 1952 साली, तिच्या पश्चात. आज इथल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. ते घर बघताना मला दर वेळी वाटतं, चुलीपुढं बसलेल्या बाईच्या मनात काय चाललंय, हे तिच्या घरच्यांनी कान देऊन ऐकलं आणि उतरवून घेतलं, म्हणून ती गाणी आपल्याला मिळाली. आमच्या घरी गाणी नाहीत. पण "वाफ बोटाला लागते" हे वाक्य ऐकू आलं, हेही काही कमी नाही.

तुमच्या गावचं ताट निराळं असेल. कुठं आंबोळी, कुठं थालीपीठ, कुठं घावन. गरम वाढायचे पदार्थ प्रत्येक मुलखात आहेत आणि एकदाच मांडून सगळ्यांनी बसायचे पदार्थही आहेत. या आठवड्यात "काय करू?" हा प्रश्न पडला की त्याला जोडून दुसराही विचारा, "मी कधी बसणार?" आठवड्यातले तीन दिवस जरी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी पुष्कळ झालं.

आणि आमच्याकडे यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या. वांगी भाजायला तुमच्या घरच्या मंडळींना जरूर घेऊन या. तुम्ही मात्र पहिल्या पंगतीला बसायच्या तयारीनंच या!