मोहल्ल्याची बोडी

आमच्या मोहल्ल्याच्या मध्यभागी असलेली, अर्ध्या एकराहूनही लहान अशी ती जागा सरकारी दप्तरात बगीचा म्हणून नोंदलेली होती. प्रत्यक्षात मात्र घसरगुंडीचा एक गंजलेला सांगाडा, कोरडे पडलेले कारंजे, कमरेइतके गाजरगवत आणि लग्नाच्या मांडवांतून उरलेल्या पत्रावळींचा ढीग, एवढीच तिची संपत्ती होती. गोंदियाच्या शाळेत मी पस्तीस वर्षे भूगोल शिकविला आणि त्या पस्तीस वर्षांत दररोज सकाळी त्या जागेला वळसा घालून शाळेत गेलो. परंतु तिच्या दुरवस्थेशी आपला काही संबंध आहे, हा विचार निवृत्त होऊन ओसरीवर बसू लागेपर्यंत माझ्या मनाला शिवला नाही. जागा सरकारची, तेव्हा तिची काळजीही सरकारनेच वाहायची, अशीच मोहल्ल्यातील प्रत्येकाची समजूत होती आणि मीही त्याला अपवाद नव्हतो.

पहिल्या वर्षी आम्ही बारा घरांनी वर्गणी काढली, गाजरगवत उपटले आणि मृग लागताच गुलमोहर, अशोक आणि शोभेची झुडपे मिळून साठ रोपे लावली. प्रत्येक रोपाला एकेका मुलाचे नाव लिहिलेली पत्र्याची चकती बांधली. आमच्या जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिले होते. पण तो पाऊस पडल्यावर आपल्या दारापुढे त्याचे काय होते, हे पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. श्रावणात सारी जागा गुडघाभर पाण्याखाली गेली, रोपांची मुळे कुजली. जी वाचली त्यांतली बहुतेक पुढे वैशाखात, ऊन 45 अंशांवर गेले तेव्हा, भेगाळलेल्या मातीत उभ्या उभ्या वाळली. साठांपैकी सात उरली. एका वाळक्या काडीला तिसरीतल्या एका मुलीच्या नावाची चकती तशीच लोंबत होती आणि ती मुलगी शाळेतून येताना रोज तिथे क्षणभर थांबे, हे मी ओसरीवरून पाहत असे. त्या दृश्याने मला जेवढे अस्वस्थ केले, तेवढे वर्गणी वाया गेल्याने केले नाही.

बोळाच्या तोंडाशी धिवर समाजातील एक वृद्ध बाई राहतात. गेली कित्येक वर्षे त्या बाजारात मासळी विकतात आणि सारा मोहल्ला त्यांना मावशी म्हणतो. आमच्या लावणीच्या वेळी त्या काठी टेकून नुसत्या उभ्या होत्या. कोणी त्यांना विचारले नव्हते आणि त्याही काही बोलल्या नव्हत्या. पुढल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही पुन्हा रोपांची यादी करू लागलो, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, “पयले पानी कुठून येते अन् कुठं जाते, ते पाहा जी गुरुजी. झाडाचं मंग पाहू.” पहिला जोराचा पाऊस आला तेव्हा त्या मला आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गँगमन काकाजींना घेऊन भर पावसात त्या जागेत फिरल्या. तीन बोळांचे पाणी पूर्वेकडून आत शिरते, पश्चिमेच्या कुंपणभिंतीशी अडते, कारण भिंतीखालची मोरी मातीने बुजलेली आहे, हे त्यांनी काठीच्या टोकाने दाखविले. तिथेच बोडी खणायची, निघालेल्या मातीची पाळ घालायची आणि अधिक झालेले पाणी मोरीवाटे जाऊ देणारा सांडवा ठेवायचा, एवढाच त्यांचा सल्ला होता.

बोडी हा शब्द आमच्या झाडीपट्टीत लहान मूलही जाणते. धानाच्या बांध्यांना पाणी पुरविणारी ती धाकटी तळी होत. त्यांची थोरली भावंडे म्हणजे मालगुजारी तलाव. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते आणि कोहळी समाजाची तलाव बांधण्याची विद्या या भागात आजही आदराने आठवली जाते. त्या तलावांची पाळ, पाट आणि सांडवा यांची देखरेख ज्यांच्या शेताला पाणी मिळे त्यांच्याच अंगावर असे. पुढे मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने (गोंदिया तेव्हा त्याच राज्यात होते) मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांची पद्धत, नष्ट झाली आणि तसे होणे न्यायाचेच होते. तलाव सरकारजमा झाले. गावाचे निस्ताराचे, म्हणजे सामाईक वापराचे, हक्क निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या महसुली दप्तरांत लिहिलेले राहिले, परंतु पाळीवर माती टाकणारे हात मात्र हळूहळू मागे सरले. पुष्कळ तलाव गाळाने भरले, बेशरमीच्या झुडपांनी ग्रासले. आमच्या बगीच्याचे याहून निराळे काय झाले होते?

मावशींचे माहेर अर्जुनी मोरगावकडचे. त्या तालुक्यातील धिवर स्त्री-पुरुषांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने, तलावांतली बेशरम मुळासकट उपटून पाण्यातल्या मूळच्या वनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासळी परत आणण्याचा उद्योग केला. मावशींच्या आग्रहावरून आम्ही सात जण एका रविवारी तिकडे गेलो. छातीभर पाण्यात रांगेने उभ्या राहून, पायाच्या बोटांनी चिखल चाचपीत, मूठ मूठ रोप रोवणाऱ्या बायकांच्या हकिगती आम्ही पाळीवर बसून ऐकल्या. धानाची रोवणी जिने केली आहे, तिला पाण्याखालची रोवणी शिकवावी लागत नाही, हे त्यांच्यातल्या एकीचे म्हणणे माझ्या कायमचे ध्यानात राहिले.

खणण्याची मंजुरी मिळविण्यास तीन अर्ज आणि बरेच हेलपाटे लागले. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. दिवाळीनंतर काम सुरू झाले ते होळीपर्यंत चालले. राइस मिलमधले हमाल पाळी संपवून संध्याकाळी येत, बिडी वळणाऱ्या बाया दुपारची दोन तासांची मजुरी बुडवून येत आणि त्यांचे ते दोन तास आमच्या साऱ्या वर्गणीहून मोलाचे होते, असे मी आजही मानतो. काकाजींना रुळांखालचा भराव कसा ठोकतात ते ठाऊक होते. वीतभर मातीचा थर, त्यावर पाणी, त्यावर मुलांच्या पायांची तुडवण, मग पुढचा थर, अशा क्रमाने त्यांनी पाळ चढविली. चिकण माती बोटांत दाबून तिची वळकटी करावी, ती न तुटता वाकली तरच ती पाळीच्या गाभ्यात घालावी, ही परीक्षा त्यांनी पोरांना शिकविली, आणि मग कितीतरी दिवस मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराच्या खिशात मातीची वळकटी असे.

हरकतीही आल्या, आणि त्या अवाजवी नव्हत्या. डासांची भीती होती. मावशींनी डासांच्या अळ्या खाणारी बारीक मासळी आणून सोडण्याचे कबूल केले. लहान मुलांसाठी काठाकडची खोली वीतभरच ठेवली. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी मधली जागा मागितली, ती त्यांना दिली. ओल सोसणारे अर्जुन आणि करंज बोडीच्या काठाला लागले, उंचवट्यावर कडुनिंब, बकुळ आणि सीताफळ. मुळांशी धानाच्या तणसाचा जाड थर पसरला. देखरेखीच्या पाळ्या वहीत लिहिल्या, आणि त्या वहीत माझ्या नावापुढे मंगळवार आला.

आर्द्रातल्या एका रात्री एकाएकी असा पाऊस कोसळला, की त्याच्या आवाजाने मला जाग आली. वार सोमवार होता. तथापि सांडव्यात कचरा अडकला तर कोवळी पाळ फुटेल, या धास्तीने मी छत्री आणि विजेरी घेऊन बाहेर पडलो. बोडी काठोकाठ भरली होती. सांडव्याच्या तोंडाशी, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या मावशी पाण्यात उभ्या राहून काठीने प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढून काढीत होत्या, आणि काकाजी वर उभे राहून कंदील धरून होते. मला पाहताच मावशींनी हात हलविला. “घरी जा जी गुरुजी,” त्या म्हणाल्या, “आज पारी माही आहे.”