कागदाला चामड्याची कांती

शुभेच्छापत्रावर चामड्याचा भास आणायचा म्हटलं की शिकाऊ हात आधी तपकिरी रंगाच्या बाटलीकडे जातो. माझ्या वर्गात रंग सगळ्यात शेवटी निघतो. आधी कागद चुरगळायचा, उलगडायचा, उजेडाकडे धरून पाहायचा. कारण चामड्याचा भास रंगातून येत नाही, तंतूंतून येतो.

चामडं म्हणजे तंतूंची गुंतवळ. ते तंतू एका दिशेला जात नाहीत, म्हणून चामड्याला सुरकुती पडते, पण सहसा तडा जात नाही. गिरणीतल्या कागदाचे आखूड तंतू धावत्या जाळीवर बहुतांशी एकाच दिशेला लोळतात. असा कागद चुरगळला की सरळ रेघेत मोडतो आणि घडीवर फाटतो. सुती चिंध्यांच्या हातकागदाचं तसं नाही. तंतू लांब असतात, आणि हौदातून साचा उचलताना कारागीर तो हलवतो, त्यामुळे ते चहूकडे पसरून एकमेकांत अडकतात. अशा कागदावर पडणारी सुरकुती वेडीवाकडी, फाटे फुटत जाणारी असते. जुन्या जोड्यावर दिसते तशीच.

असा कागद करणारं गाव आमच्या शहरापासून जवळच आहे. वेरूळच्या वाटेवर, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधे कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर इथे आले, असं परंपरा सांगते. पुढे दौलताबादी कागद मराठ्यांच्या दफ्तरांतही वापरला गेला. आज हे काम मोजक्याच हातांत उरलं आहे, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

आता कृती. चौरस मीटरला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा कागद घ्या. चुरगळल्यावर तो आटतो, म्हणून हव्या मापापेक्षा बोटभर मोठा कापा. दोन्ही बाजूंनी पाण्याचा हलका फवारा मारा आणि थोडं थांबा, पाणी तंतूंपर्यंत मुरू द्या. मग चारही कोपरे मधे आणत हलक्या हाताने चुरगळा, उलगडा, दिशा बदलून पुन्हा चुरगळा. तीन-चार वेळा पुरे. नक्षी हवी असेल तर ती कागद ओलसर असतानाच उठवायची. जाड पुठ्ठ्यातून आकृती कापून खाली ठेवा आणि वरून चमच्याच्या पाठीने दाबत जा. बीबी का मकबऱ्याच्या पितळी पत्रा मढवलेल्या दारावरची फुलं मला यासाठी फार आवडतात. धातूवर उठवलेली नक्षी कागदावरही तितकीच ठसठशीत उठते.

वाळल्यावर पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्या. खळ कमी असलेला कागद टिपकागदासारखा रंग पितो आणि डाग पडतात. त्यावर फिकट तपकिरी ॲक्रिलिक. ते वाळलं की गडद तपकिरी रंग पातळ करून लावायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. सुरकुत्यांच्या खोलात रंग राहतो, उंचवटे उजळतात. शेवटी मधमाशीचं मेण चोळून गुळगुळीत दगडाने घोटा. लेखणी अडखळू नये म्हणून जुने कागद असेच घोटत. इथे घोटाईने फक्त उंचवट्यांना चमक येते, आणि वापरलेल्या चामड्याची हीच खूण असते. कडेला आरीने भोकं पाडून मेण लावलेला दोरा ओवला की काम पूर्ण.

‘त्यापेक्षा रेक्झिन का चिकटवत नाही?’ असं मला विचारतात. रेक्झिनची घडी फुगते, लिफाफा जड होतो आणि सगळे तुकडे एकसारखेच दिसतात. शिवाय कागदाचं चामडं ही काही हलकी नक्कल नाही. जपानात इसेच्या देवस्थानी चामडं अपवित्र मानलं जाई, म्हणून तिथे सतराव्या शतकापासून यात्रेकरूंसाठी चामड्यासारख्या कागदाच्या तंबाखूच्या पिशव्या होऊ लागल्या. त्यांचा कागद झाडाच्या सालीचा, आपला चिंध्यांचा. पण दोन्हीकडे लांब तंतूच कामाला आले.

या दिवाळीत वेरूळला जाणार असाल तर वाटेत कागजीपुऱ्यात थांबा. न घोटलेला, जाडसर कागद मागा आणि भाव पाडून मागू नका.