तेरा सेल आणि माझी रूममेट

‘मी बीएमएसमध्ये आहे’ असं माझ्या रूममेटने सांगितलं, की मुंबईकर हमखास विचारतात, ‘कुठलं कॉलेज?’ मॅडम डिग्रीबद्दल बोलतच नसतात. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे ई-स्कूटरच्या बॅटरीवर पहारा देणारं सर्किट आणि त्यातलं सॉफ्टवेअर, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग.

एका बॅटरीला एवढा पहारा कशाला, हा माझा बाळबोध प्रश्न. ‘अगं, ती एक नसतेच, एकत्र कुटुंब असतं,’ ती म्हणाली. समजा, 13 लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेत. सेल फुल झाला की 4.2 व्होल्ट, म्हणजे पॅक 54.6 ला फुल. साध्या चार्जरला फक्त ही बेरीज दिसते. एक सेल 3.6 वरच रेंगाळला, तर बेरीज जुळेपर्यंत बाकीचे 12 जण 4.25 वर चढतात. चार्जर खूश, सेल मात्र मर्यादेबाहेर! हे वाढत गेलं की सेल फुगतो, तापतो, फारच वाईट वेळ आली तर पेटतो. म्हणून बीएमएस प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं मोजते. जो पुढे पळालाय, त्याची जादा वीज रेझिस्टरमधून जाळून टाकते आणि मागच्याला गाठायला वेळ देते.

2022 मध्ये पेटलेल्या ई-स्कूटरचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले, त्यात पुण्यातलाही एक होता. त्याच वर्षी एआयएस-156 या सुरक्षा नियमांत सेल, बीएमएस, चार्जर यांच्यासाठी जास्त कडक अटी आल्या.

पण रूममेटच्या ऑफिसात खरा राडा झाला तो बॅटरी संपण्यावरून. सेल्सवाल्यांचं म्हणणं, ‘कटऑफ थोडा खाली घे ना, चार-पाच किलोमीटर वाढतील.’ ब्रोशरमध्ये आकडा मस्त दिसला असता. पण कमजोर सेल फारच खाली उतरला, तर त्याच्या आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुढे कधीतरी चार्जिंग करताना आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते. बरं, कटऑफ आला म्हणून फटकन वीज तोडावी, तर स्कूटर फ्लायओव्हरवर आणि मागे ट्रक! हिने दोन आठवडे भांडून आकडा जागेवर ठेवला. आधी इशारा, मग हळूहळू वेग कमी, गाडी कडेला घ्यायला वेळ, आणि मगच बंद, असा क्रम बसवला.

पॅक किती चालणार, हे सगळ्यात दमलेला सेल ठरवतो. डेडलाइनच्या आठवड्यात हे टीम लीडर मंडळींना कुणीतरी समजवा, प्लीज.

तिचे बाबा तीच स्कूटर घेऊन रोज कात्रजचा घाट चढतात. ‘तुझी गाडी शेवटी शेवटी बैलगाडी होते,’ ही त्यांची दर रविवारची फोनवरची तक्रार.

‘होऊ दे,’ ती म्हणते.