कोरडं वजन

सहावीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात ‘पदार्थ सभोवतालचे – अवस्था आणि गुणधर्म’ असा एक पाठ आहे. स्थायू, द्रव, वायू या अवस्था; मग ठिसूळपणा, कठीणपणा, घनता, विद्राव्यता, पारदर्शकता अशी गुणधर्मांची यादी. परीक्षेत व्याख्या येतात, मुलं पाठ करतात आणि पुढच्या पाठाकडे जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी बरीच वर्षं हा पाठ शिकवतो आहे. पुस्तकात काचेच्या तुकड्याची, मिठाची, रबराची उदाहरणं असतात. आमच्या वर्गातल्या जवळपास प्रत्येक घरात ऑक्टोबरपासून जो पदार्थ भिंतीला टेकून छतापर्यंत जातो, तो कापूस. तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करायची असं मी ठरवलं.

पहिला प्रयोग अगदी साधा. स्टीलच्या गंजात पाणी घ्यायचं आणि घरून आणलेल्या कापसातली सरकी काढून त्याचा बोळा पाण्यावर ठेवायचा. तो तरंगतो. मुलांना त्यात काही नवल वाटत नाही. कापूस हलका, म्हणून तरंगतो. मग औषधाच्या दुकानातला पांढरा शुभ्र कापूस तसाच पाण्यावर ठेवायचा. काही सेकंदांत तो पाणी पितो आणि तळाशी जातो. “सर, दवाखान्यातला बुडते अन् घरचा काहून तरंगते जी?” हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

उत्तर सांगायचं नाही, करायचं. घरचा कापूस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळायचा, चांगला खळबळून धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा पाण्यावर ठेवायचा. आता तोही बुडतो. कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. सोड्याने तो थर निघाला की तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेतं. तंतूचा मूळ पदार्थ, सेल्युलोज, पाण्यापेक्षा साधारण दीडपट घन आहे. म्हणजे कापूस हलका नसतोच. आपण ज्याला हलका म्हणतो ती त्याच्यात अडकलेली हवा असते. ज्या पोरांनी जन्मापासून कापसाच्या ढिगावर उड्या मारल्या, त्यांना ही गोष्ट पटायला दोन दिवस लागतात. एकदा पटली की ती मग प्रत्येक गोष्टीकडे जरा संशयाने पाहू लागतात. मला तेच हवं असतं.

पदार्थ ओळखायचा तर रंग पाहा, वास घ्या, हात लावा, असं आपण लहान मुलांना सांगतो. निरीक्षणाची सुरुवात तिथूनच होते. पण आमच्या जिल्ह्यात असे काही पदार्थ आहेत की त्यांच्यापुढे डोळे, नाक आणि हात लवकर थकतात. त्यातला पहिला पाण्यात असतो.

जिल्ह्याच्या पांढरकवडा, झरी-जामणी भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पाणी नितळ दिसतं, थंड लागतं, वास येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर गेलेलं पाणी मुलं वर्षानुवर्षं प्यायली तर दातांवर पांढरे, मग तपकिरी पट्टे येतात आणि पुढे हाडांचं दुखणं लागतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. ‘उकळलेलं पाणी चांगलं’ एवढंच शिकलेल्या घराला हे कळणं अवघड आहे. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत बसवली. ‘नालगोंडा पद्धत’ या नावाने ती ओळखली जाते.

लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे आकड्याने मुलांना कळत नाही. त्यासाठी विहिरीत टाकायचं लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, कामी येतं. त्याचे १ ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवले की गडद जांभळा रंग येतो. त्यातलं १० मिलिलिटर घेऊन दुसऱ्या ग्लासात ९० मिलिलिटर पाण्यात घालायचं. दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात, असंच. प्रत्येक ग्लासात प्रमाण दहापट कमी होतं. चौथ्या ग्लासात लिटरला १ मिलिग्रॅम उरतं. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिलं तर फिकट गुलाबी झाक दिसते. पाचवा ग्लास मात्र साध्या पाण्यासारखा दिसतो.

“याच्यात औषध हाय का नाही?” असं मी विचारतो. अर्धा वर्ग ‘नाही’ म्हणतो. मग एखादी मुलगी उठून म्हणते, “आपणच तं टाकलं सर, कुठं जाईन ते?” पदार्थ विरळ झाला म्हणून नाहीसा होत नाही, हे वाक्य मला फळ्यावर लिहावं लागत नाही. फ्लोराइडला तर रंगच नाही, म्हणजे त्याचे पाचही ग्लास सारखेच दिसतील, हेही तीच मुलं सांगतात. गावाबाहेरच्या हातपंपाला लाल रंग का दिला आहे, याची चर्चा त्या दिवशी घरोघरी होते.

दुसरा पदार्थ फवारणीचा. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली जात होती, आणि अंगावर साधे कपडे होते. हे सगळं तेव्हा छापून आलं, आता लोक विसरत चालले आहेत. आमच्या वर्गातली मुलं त्या वेळी अगदी लहान होती. पण पंप भरून द्यायला, पाणी वाहायला आज तीच जातात.

म्हणून मापनाचा पाठ मी झाकणांवर शिकवतो. कीटकनाशकाची बाटली किंवा झाकण शाळेत आणायचं नाही, हा पहिला नियम. तेलाच्या, सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं मुलं आणतात. सुई नसलेल्या सिरिंजने प्रत्येकात किती पाणी मावतं ते मोजतात आणि कागदावर लिहितात. एकात ५ मिलिलिटर, एकात ८, एकात १५. मग हिशेब येतो. लिटरला २ मिलिलिटर औषध घ्या असं लेबलवर असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिलिलिटर लागेल. कुणी ‘तीन झाकणं टाक’ असं सांगितलं तर ५ च्या झाकणाने १५ पडेल आणि १५ च्या झाकणाने ४५. झाकण हे माप नाही, हे मुलांना गणितातून कळतं. घरी जाऊन ती बापाला काय सांगतात ते मला दुसऱ्या दिवशी कळतं, कारण शाळेची सिरिंज मागायला कुणीतरी येतं. ती मी देत नाही. औषधाच्या दुकानातून नवी घ्या, तिच्यावर खूण करा आणि दुसऱ्या कशालाही वापरू नका, असं सांगतो.

पाण्यात फिनाइल ओतलं की ते दुधासारखं पांढरं होतं. तेलकट पदार्थाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात, विरघळत नाहीत. बरीचशी कीटकनाशकं अशाच तऱ्हेने बनवलेली असतात. पांढरं झालेलं पाणी ‘पातळ झालं, आता काही होत नाही’ असं वाटायला लावतं. पण त्यातला तेलकट भाग कातडीतून आत जाऊ शकतो. घामाने आणि फवाऱ्याने भिजलेला सदरा तो दिवसभर अंगाला चिकटवून ठेवतो. नाकाचा भरवसा धरावा तर नाकही वासाला सरावतं. थोड्या वेळाने वास येईनासा होतो, औषध मात्र तिथंच असतं.

हे दाखवायला आम्ही मैदानात वाळलेल्या पऱ्हाट्या छातीएवढ्या उंच रोवल्या. त्यांच्यामधून एक बुजगावणं काठीवर उभं करून चालवलं. त्याला जुना पांढरा सदरा, तोंडाच्या जागी पांढरा कागद. फवारणीच्या पंपाऐवजी हाताने दाबायची बाटली आणि तिच्यात निळीचं पाणी. एकदा वाऱ्याच्या दिशेने, एकदा वाऱ्याच्या उलट. नंतर मुलांनी सदऱ्यावरचे आणि कागदावरचे निळे ठिपके मोजले. उलट वाऱ्यात तोंडाच्या कागदावर इतके ठिपके पडले की मोजणाऱ्या पोराने मध्येच थांबून चौकट आखली, एका चौकटीतले मोजले आणि चौकटींच्या संख्येने गुणले. नमुना घेऊन अंदाज काढायची ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. बुजगावणं महिनाभर वर्गाच्या कोपऱ्यात उभं होतं. त्याच्याकडे पाहून कुणी हसत नव्हतं.

तिसरी गोष्ट पुन्हा कापसाची, आणि तिच्यात पैसा आहे. भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय हमीभावाने कापूस घेतं तेव्हा ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का भाव कापतं आणि १२ च्या वर कापूस घेत नाही. गावात याबद्दल एकच मत आहे: लूट. आठवीच्या मुलांना मी म्हटलं, मोजून पाहू. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. १० क्विंटल कापूस, १२ टक्के ओलावा. तसाच विकला तर चार टक्के कापून ७७,८५६ रुपये येतात. वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर? त्यात कोरडा माल ८८० किलो. तो न बदलता पाणी उडालं, की वजन ९५६.५ किलो भरतं आणि पैसे येतात ७७,५७४. फरक २८२ रुपयांचा, तोही तसाच विकणाऱ्याच्या बाजूने. म्हणजे ही कपात पाण्याचीच आहे.

मुलं जरा नाराज झाली. मग एकाने विचारलं, “अन् तेरा निघाला तं?” तेरा निघाला तर बंडी परत. त्या १० क्विंटलमध्ये १३ चे १२ व्हायला फक्त ११ किलो पाणी उडावं लागतं. तेवढ्या पाण्यासाठी माणूस भाड्याची गाडी परत आणतो किंवा बाहेर उभ्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात देतो. तो व्यापारी हाताने दाबून ‘ओला आहे’ म्हणतो आणि अंदाजाने कटती लावतो. शिवाय ओलावा मोजायचं यंत्र मूठभर कापसातून जाणारी वीज पाहतं. ओला कापूस वीज जास्त वाहू देतो. मूठ ढिगाच्या वरून घेतली की एक आकडा, आतून घेतली की दुसरा. तेव्हा प्रश्न मूठ कुठून घेतली आणि किती मुठी घेतल्या, हा असतो. दहा ठिकाणचा नमुना घ्या आणि सरासरी लिहा, असं म्हणायला शेतकऱ्याजवळ शब्द हवेत. ते शब्द सहावीच्या पाठात आहेत.

या पाठाचा शेवटचा भाग मात्र मी ठरवला नव्हता. दवाचं वजन मोजायला मुलांनी पहाटे वेचलेला ५०० ग्रॅम कापूस पोषण आहाराच्या खोलीतल्या छोट्या काट्यावर ठेवला आणि दिवसभर उन्हात पसरून चार वाजता पुन्हा मोजला. ४६५ ग्रॅम भरला. ३५ ग्रॅम पाणी गेलं. शेतमालकाचा एक मुलगा लगेच म्हणाला, म्हणजे सकाळच्या १५ किलोत एक किलो पाणी असते, अन् आपण त्याची वेचाई देतो. वेचणीला जाणारीची मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, “माही माय पहाटे पाचले उठते. दव पडलेला कापूस बोटाले कापते. दुपारी वेचला तं वजन कमी, ऊन जास्त.”

वर्ग गप्प झाला. मग पोरांनी ते वहीवर उतरवलं: वजनावर वेचाई ठरली तर दवाचा फायदा वेचणारीला आणि तोटा मालकाला, उशिरा वेचणी सुरू केली तर उलट. कुणी म्हणालं, सकाळच्या मालाला वेगळा दर लावा. कुणी म्हणालं, रोजाने द्या. मुलीने विचारलं की कोरड्या वजनावर द्यायची असेल तर वाळेपर्यंत पैसे कोण थांबवणार. त्याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं, माझ्याहीजवळ नाही. पुढच्या आठवड्यात ती दोघं मिळून रोज सकाळी सात, नऊ आणि अकरा वाजता वेचलेल्या कापसाचं वजन करू लागली. तक्ता भिंतीवर लावला आहे. त्यात तारीख, वेळ, ओलं वजन, कोरडं वजन असे रकाने आहेत. शेवटचा रकाना ‘वेचाई’ असा आहे, आणि तो त्यांनी अजून रिकामा ठेवला आहे.