चित्रातले तीन केस

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला चित्राआधी चित्राखालचा मजकूर वाचण्याची खोड असते. आम्हीही त्याला अपवाद नाही. कीटकभक्षी वनस्पतींची अठराव्या शतकातली चित्रे पाहताना ही खोड प्रथमच आमच्या ध्यानात आली.

मार्क केट्सबी या इंग्रज चित्रकार-निसर्गअभ्यासकाने कॅरोलायना प्रदेशाच्या निसर्गेतिहासात (१७२९-४७) तिथली घटपर्णी रंगवली आणि तिच्याजवळ एक बेडूक दाखवला. पाणी धरून ठेवणारी ती पोकळ पाने म्हणजे बेडकांपासून पळणाऱ्या कीटकांचा आसरा, असा त्याचा समज. जो मृत्यूचा घट, त्यालाच त्याने अभयस्थान मानले!

पुढे १७७० साली लंडनच्या जॉन एलिसने व्हीनस फ्लायट्रॅपचे वर्णन सचित्र छापले. ही वनस्पती कीटक पकडून त्यांच्यावर पोसते, हे त्याचे अनुमान लिनियससारख्या पंडिताला पटले नाही; ते खरे ठरवण्याचे श्रेय बव्हंशी डार्विनच्या १८७५ च्या ग्रंथाकडे जाते. परंतु एलिसही एका जागी चुकला. पानाच्या प्रत्येक दलावर मधोमध तीन बारीक केस असतात. ते त्याने अचूक पाहिले, चित्रातही आणले. मात्र धडपडणाऱ्या कीटकाचा शेवट करणारे काटे, असा त्यांचा अर्थ लावला. वस्तुतः ते स्पर्श ओळखणारे केस आहेत. वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला, की पान मिटते. संवेदना या केसांतच आहे, हे कर्टिस या अमेरिकी अभ्यासकाने १८३४ मध्ये नोंदवले. एलिसचा अर्थ मागे पडला. चित्रातल्या केसांना मात्र कोणाला हात लावावा लागला नाही.

हे वाचताना आम्हांला एक उत्तरपत्रिका आठवली. एका कवितेतला दिवा आम्ही वर्षानुवर्षे आशेचे प्रतीक म्हणून शिकवत आलो होतो. एका विद्यार्थिनीने लिहिले, की तो दिवा कवितेत शेवटपर्यंत कोणी पेटवतच नाही. ‘विषयांतर’ असा शेरा मारून आम्ही तिचे गुण कापले. पुढे केव्हातरी कविता पुन्हा उघडली. दिवा खरोखरच विझलेला होता.

तोवर ती मुलगी महाविद्यालय सोडून गेली होती. तिला कळवायला हवे होते. संकोचापायी कळवले नाही. आता ती कविता शिकवताना अर्थ सांगण्याआधी आम्ही वर्गाला एवढेच विचारतो, की दिव्याविषयी कवितेत नेमके काय लिहिले आहे?